खिमा-मशरूमचा रस पाणचट का होतो?

प्रश्न : नारळाच्या दुधातला खिमा-मशरूम पाणचट होतो, कधी फुटतोही. काय चुकतं? – एक वाचक, मालवण

उत्तर : मशरूममध्ये 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. 200 ग्रॅम मशरूम रुंद कढईत, मोठ्या आचेवर, मीठ न घालता तांबूस परतून बाजूला काढा. मग तेलात 400 ग्रॅम म्हशीचा किंवा मटणाचा खिमा पसरा आणि 3 मिनिटं अजिबात ढवळू नका. खरी चव तिथेच येते. कांदा, आलं-लसूण, 2 चमचे मालवणी मसाला, चमचाभर तांदळाचं पीठ परता. वाटीभर नारळाचं पातळ दूध आणि मीठ घालून 15-20 मिनिटं झाकून शिजवा. मशरूम घाला, आच मंद करा, शेवटी अर्धी वाटी घट्ट दूध. आता उकळी नको! आमसूल हवंच तर गॅस बंद केल्यावर एकच. आंबट आणि उकळी एकत्र आली की दूध फुटतं.