मूळपेशींसाठी अल्जिनेट की मॅट्रिजेल?

तुम्ही विचारलंय, "मेसेंकायमल मूळपेशी अल्जिनेटवर वाढत नाहीत, मॅट्रिजेल घेऊ का? पुढे रुग्णांसाठी वापरायचं आहे." (मेसेंकायमल मूळपेशी म्हणजे अस्थिमज्जेत वगैरे सापडणाऱ्या, हाड-कूर्चा बनू शकणाऱ्या पेशी; अल्जिनेट आणि मॅट्रिजेल ही त्या वाढवायची जेलं.) वाढत नाहीत म्हणजे गोल होऊन तरंगतात ना? मग कुणाचंही ऐकून त्या फेकू नका.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी अस्थिमज्जेतल्या पेशी अल्जिनेटच्या थरावर सोडल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या गोळे होऊन मीडियात, म्हणजे पोषक द्रावात, तरंगत होत्या. सरांनी मायक्रोस्कोपमधून एकदा पाहिलं आणि सगळ्या लॅबसमोर म्हणाले, "मेल्या. तुझा हात कल्चरचा नाही." तीनदा तेच घडलं, तीनदा तेच ऐकलं. चौथ्यांदा मी त्या तरंगत्या पेशी गोळा केल्या, सेंट्रिफ्यूज केल्या आणि साध्या फ्लास्कमध्ये टाकल्या. सकाळी पाहते तर चिकटलेल्या, लांबट, मस्त पसरलेल्या! फ्लास्क घेऊन तशीच केबिनमध्ये गेले. सर म्हणाले, "मग मीडिया बदलला असशील." बदलला नव्हता. आजही सांगते, बदलला नव्हता.

अल्जिनेट म्हणजे समुद्री शेवाळातली साखरेची साखळी. आपल्या पेशींच्या इंटिग्रिनना, म्हणजे पृष्ठभाग पकडणाऱ्या प्रथिनांना, तिथे धरायला काहीच नसतं. त्याला आरजीडी पेप्टाइड, म्हणजे इंटिग्रिनला धरता येईल असा प्रथिनाचा छोटा तुकडा, जोडावं लागतं. ते जोडल्यावर याच हातांनी सोडलेल्या पेशी बसल्या.

मॅट्रिजेल घेऊ नका. ते उंदराच्या सार्कोमातून, म्हणजे कर्करोगाच्या गाठीतून, काढतात, लॉटगणिक त्यातली प्रथिनं बदलतात. रुग्णापर्यंत जायचं असेल तर ती वाट सुरुवातीलाच सोडा. जिलेटिन मेथाक्रिलॉइल (जिलेटिनपासून बनवलेलं जेल) बघा, त्यात पेशींना धरायच्या जागा मुळातच असतात.

आणि जेल किती कडक आहे ते मोजा. एंगलर आणि डिशर यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवलं, की 1 किलोपास्कलच्या (हे कडकपणाचं एकक) आतल्या मऊ जेलवर या पेशी चेतापेशींच्या वळणावर जातात, 8 ते 17 वर स्नायूंच्या, 25 ते 40 वर हाडाच्या. कल्चरच्या ताटलीचं प्लास्टिक त्याहून लाखपट कडक. "जेल म्हणजे नुसती गादी" म्हणणाऱ्यांना हा पेपर वाचायला द्या.

हे सगळं सपाट थराचं झालं. पेशी जेलच्या आत कोंडणार असाल तर आरजीडी असूनही त्या गोल राहू शकतात. तिथे जेल ताणाखाली किती सैलावतं हेही बघावं लागतं. आयपीएस पेशींचा, म्हणजे साध्या पेशी मागे वळवून बनवलेल्या मूळपेशींचा, हिशेब तर वेगळाच.

प्रत्येक प्रयोगात जेलशेजारी प्लास्टिकची एक वेल (कल्चरच्या ताटलीतला खळगा) ठेवा, त्याच दिवशी, त्याच पेशी, तोच मीडिया. वहीत लॉट नंबर आणि तारीख लिहा. कुणी तुमच्या हाताला नाव ठेवलं, की ती वेल मायक्रोस्कोपखाली लावून त्यांना खुर्चीत बसवा.