एमआरआय झाला, पेट झाला, मग पुन्हा सीटी कशाला?

प्रश्न : माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत. जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला, मानेत डाव्या बाजूला गाठही आहे. ऑपरेशन न करता केमोसोबत शेक (रेडिएशन) द्यायचं ठरलंय. एमआरआय झाला, पेट स्कॅन झाला, आता मास्क बनवून पुन्हा सीटी सांगितलाय. हा खर्च कशाला? शिवाय मामांना कोंडल्यासारखं होतं, ते लिफ्टमध्येही जात नाहीत. मास्कशिवाय जमणार नाही का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : ताई, हा सीटी टाळू नका. आधीचे स्कॅन रोग कुठवर पसरलाय हे पाहायला काढले होते. किरण नेमके कुठे सोडायचे, ते या सीटीवर ठरतं. शेक घेताना मामा सपाट टेबलावर, मान ठरावीक कोनात ठेवून झोपणार. पेटच्या वेळी ते तसे झोपले नसतील. मानेचा कोन बदलला की जिभेचं मूळही सरकतं, गाठही सरकते, आणि आमचा सगळा हिशेब मिलिमीटरचा असतो.

शिवाय डोस मोजणारा कॉम्प्युटर सीटीवरच चालतो. हाड, मांस, हवा यांत किरण किती अडतील हे सीटीच्या आकड्यांवरून कळतं, एमआरआयवरून थेट कळत नाही. म्हणून एमआरआय वाया गेला असं मात्र नाही. जिभेच्या स्नायूत रोगाची कड कुठे संपते ते एमआरआयमध्ये जास्त स्वच्छ दिसतं. मामांच्या दाढेवर धातूची कॅप असेल तर सीटीत तिथे पांढऱ्या रेघांचा फवारा उठतो आणि नेमका जिभेचा भाग झाकला जातो. तेव्हा तर एमआरआयचाच मोठा आधार. पेटमध्ये साखर जास्त खेचणाऱ्या पेशी चमकतात, त्यामुळे मानेतली लहान गाठही नजरेतून सुटत नाही. पण नुसत्या सुजेनेही गाठ चमकते, म्हणून मी फक्त पेट पाहून रेघ मारत नाही. तिन्ही स्कॅन कॉम्प्युटरवर एकमेकांवर बसवायचे आणि सुमारे ३ मिलिमीटर अंतराच्या एकेका चित्रावर रोगाची हद्द हाताने आखायची, असं ते काम आहे. लाळग्रंथी, मणक्यातली मज्जारज्जू, जबडा, स्वरयंत्र हेही आखायचं. रोगाला साधारण ७० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) डोस द्यायचा असतो, ३५ वेळा, आठवड्यातून ५ दिवस. त्याच वेळी मज्जारज्जूवर ४५ ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नसतं आणि कानाजवळच्या लाळग्रंथीची सरासरी शक्यतो २६ ग्रेच्या आत ठेवायची असते. ती ग्रंथी वाचली, तर पुढे मामांना भाकरीच्या प्रत्येक घासाला पाणी लागणार नाही. माझ्या मते या सीटीचं खरं मोल इथे आहे.

आता मास्क. मान रोज त्याच कोनात राहावी म्हणून तो लागतोच. तो जाळीचा असतो. प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करतात, पाणी निथळून चेहऱ्यावर आणि खांद्यांवर ओढतात आणि कडा टेबलाला अडकवतात. स्पर्श कोमट, ओलसर लागतो. काही मिनिटांत शीट घट्ट होते. जाळीतून श्वास मोकळा घेता येतो. खुणा मास्कवरच करतात, चेहऱ्यावर नाही. भीतीबद्दल आधीच सांगा : डोळ्यांपुरती जाळी कापता येते, गरज पडली तर सौम्य गोळीही देतात. शेक चालू असताना खोलीत मामा एकटेच असतील, पण बाहेर कॅमेऱ्यात दिसत राहतात. हात वर केला की मशिन थांबतं. दाढी करून न्या आणि पुढेही तशीच ठेवा, नाहीतर मास्क नीट बसत नाही. सीटीला शिरेतून औषध देतात, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट सोबत ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

खर्चाचं म्हणाल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होणार असतील तर हा स्कॅन पॅकेजमध्ये आहे का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

वजनाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, जेवण तुटतं, गाल बसतात आणि मास्क सैल होतो. सैल वाटला तर त्याच दिवशी टेक्निशियनला सांगा. कधी कधी नवा मास्क आणि नवा सीटी करून पुन्हा आखणी करावी लागते. गिळता येईना म्हणून डॉक्टरांनी नाकातून नळी सुचवली तर अडून बसू नका.

आणि मास्कच्या तारखेआधी, याच आठवड्यात, दातांच्या डॉक्टरांना दाखवा. किडलेली दाढ काढायचीच असेल तर ती आत्ता काढावी, म्हणजे जखम भरायला साधारण दोन आठवडे मिळतात. शेक झालेल्या जबड्यातली दाढ नंतर काढली तर हाड लवकर भरून येत नाही.