दाखल त्याला करायचं, मग आम्ही कशाला?

मुलाला मानसोपचाराच्या वॉर्डात दाखल करावं लागेल म्हटलं की आईवडील कसेबसे तयार होतात. तुम्हीही सोबत राहायचं म्हटलं की बिनसतं.

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं एक घर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नऊ वर्षांचा मुलगा, शाळेत चावतो म्हणून सारखा घरी पाठवलेला, घरी आईवर हात उगारणारा. औषधं, दर आठवड्याच्या भेटी सगळं चालू होतं. बहुतेक मुलांचं तेवढ्यावर भागतं, याचं भागेना. माझ्यासमोर शहाणा, घरी पोचला की जैसे थे. वडील म्हणाले, "मॅडम, त्याला ठेवून घ्या, नीट करून द्या. आमच्यात काय बिघाड आहे?"

बिघाड नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. शिवाय कायदाच तसा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ८७ प्रमाणे अल्पवयीन मुलासोबत पालकानं किंवा त्यांनी नेमलेल्या माणसानं पूर्ण काळ राहायचं असतं. मुलांची सोयही मोठ्यांपासून वेगळी हवी. घरच्यांना सोबत ठेवायची रीतही आपल्याकडे जुनी आहे. अमृतसरच्या मानसिक रुग्णालयात डॉ. विद्यासागर १९५० च्या दशकात मोठ्या रुग्णांच्या नातेवाइकांनाही आवारात तंबूत राहायला बोलवायचे.

पण खरं कारण त्यांच्या जेवणाच्या वेळी दिसतं. आजी ताट वाढतात, तो मोबाइल मागतो. आई नाही म्हणते. वाटी भिरकावली जाते, वरण भिंतीवर. आई ओरडते, तो दुप्पट ओरडतो. मग आजी मुकाट्यानं मोबाइल पुढे करतात, "जाऊ दे गं, जेवतोय ना." लगेच सामसूम. पोरगं शिकतं, ओरडलं की मिळतं. मोठी माणसं शिकतात, दिलं की शांतता मिळते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत जाऊन हेच चक्र टिपलं होतं. यात वाईट कोणीच नाही, फक्त दोन्हीकडून सवय पक्की होत जाते.

ती मोडायला गेलं की आकांडतांडव आधी वाढतं, आणि नेमकं तिथंच घर हात टेकतं. मी रात्री साडेआठला त्यांच्या स्वयंपाकघरात नसते. वॉर्डात मात्र त्या घटकेला शेजारी कोणीतरी असतं. ते आईला सांगतं, एकदाच, हळू आवाजात नाही म्हणा आणि थांबा. तो चमचा उचलतो तेव्हा लगेच कौतुक करा. हे रोज, प्रत्येक जेवणाला.

आजींनाही न्या, असा मी हट्टच धरला, कारण मोबाइल त्यांच्या हातात होता. वडिलांनी दुकान भावावर सोपवलं आणि बिल्डिंगमध्ये बंगळुरूला फिरायला जातोय म्हणून सांगितलं. सांगू देत.

परत आल्यावर मुलगा काही देवमाणूस झाला नाही. वाटी अजून कधीतरी उडते, पण मोबाइल ताटाशी येत नाही आणि शाळेचे फोन कमी झालेत. हल्ली ते पंधरा दिवसांनी येतात. अर्धा वेळ वडिलांच्या तापटपणावर जातो, आणि तो विषय त्यांनीच काढलेला असतो.