आधी फिटरजवळ बस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

सायकल विक्रीतच नोकरी करायची असं तू ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. पुण्यात याच धंद्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

कंपन्यांना ऑनलाइन बायोडेटा पाठवतेस ते चालू ठेव, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. दुकानांतल्या बऱ्याच जागांची जाहिरात निघतच नाही. काउंटरवरचा मुलगा सोडून जातो, मालक फिटरला विचारतो, "कोणी आहे का रे ओळखीतलं?" आणि आठवड्यात जागा भरते. तेव्हा फिटरच्या तोंडी तुझं नाव यायला हवं.

म्हणून आधी सर्व्हिसिंगच्या कोपऱ्यात जाऊन बस. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, दुपारच्या वेळी जा. शाळा सुरू होतानाची गर्दी ओसरलेली असते, दिवाळी लांब असते, माणसं बोलायला मोकळी असतात. खोक्यातून नवी सायकल निघते तेव्हा बरीचशी जोडलेली असते. हँडल, पुढचं चाक, सीट आणि पेडल बसवायचे, मग ब्रेक आणि गिअर लावून घ्यायचे. हे एकदा स्वतःच्या हाताने कर. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे वाचून नव्हे, पाना हातात धरून कळू दे. ऑनलाइन मागवलेल्या सायकलचं पेडल घरी जोर लावून बसवायला गेलेली आणि क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे घालवून बसलेली माणसं दुकानात येतात. त्यांचा अपमान न करता काय झालंय ते समजावून सांगणारी व्यक्ती मालकाच्या नजरेत लगेच भरते. चाक डगमगत फिरतं तो आउट कसा काढतात, डिस्क ब्रेक का घासतो, हेही तिथेच बघून घे.

आता गिऱ्हाइकाची गोष्ट. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन वडील येतात आणि चोवीस इंची चाकांची सायकल मागतात. कपडे वाढत्या अंगाचे घेतो, तशीच सायकलही. मुलाला तिच्यावर बसव. सीट पूर्ण खाली घेऊनही पाय टेकत नसतील तर काही बोलू नकोस. वीस इंची काढ, सीट नीट लाव, दुकानासमोर एक चक्कर मारू दे आणि वडिलांना मुलाच्या चेहऱ्याकडे बघू दे. चोवीस इंची घेतली तर बिल थोडं मोठं होईल, हे खरं. पण पोरगं दोनदा पडलं की ती सायकल जिन्याखाली जाते, आणि त्या घरातलं दुसरं गिऱ्हाईक तुझ्याकडे पुन्हा येत नाही. मी माणसं नेमायचो तेव्हा उमेदवाराला हाच प्रसंग द्यायचो आणि तो काय करतो ते बघायचो. विकण्याची घाई दिसली की माझा विचार तिथेच संपायचा.

मोठ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गिअर किती?" लगेच आकडा सांगू नकोस. कुठे चालवणार, रोज किती, घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, हे आधी विचार. कोथरूडहून हिंजवडीला ऑफिसला जाणाऱ्याला स्वस्तातल्या सस्पेन्शनचं जड ओझं नको असतं. त्याला ७००सी, म्हणजे मोठ्या पण अरुंद चाकांची साधी हायब्रिड, रोड आणि माउंटन सायकलच्या मधली, बरी. सिंहगड चढायची हौस असलेल्याला गिअरचा रेशो, म्हणजे पुढच्या-मागच्या चक्रांच्या दात्यांचं प्रमाण, समजावून सांग. बीआरएमचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडचं, नाव काढणारा आला, तर २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात एवढं तरी तुला ठाऊक हवं. निवृत्त काका हमखास आपल्या जुन्या रॅलेबद्दल बोलतील, त्यांचं पूर्ण ऐकून घे. त्यासाठी एकदा कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जाऊन ये. तिथे एक दुपार घालवलीस तर या पिढीशी बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

इ-सायकल विकायची वेळ तुझ्यावर येणारच, पुण्यातच इमोटोराडसारखी कंपनी उभी राहिली आहे. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. त्यापुढची गाडी "चालतंय हो" म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नकोस, कुणीही सांगितलं तरी.

दुकान की कंपनी, असं तू विचारलंस. मी म्हणेन, आधी दुकान. लुधियानाची हिरो, एव्हॉन, चेन्नईची बीएसए-हर्क्युलस, सगळ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणारी माणसं लागतात. सातारा, सोलापूर, नगरच्या डीलरकडे जायचं, माल लावायचा, स्कीम समजवायची आणि उधारी वसूल करायची. तो डीलर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा असतो. तू काउंटरवर उभी राहिली आहेस की नाही, हे तो पाच मिनिटांत ओळखतो. दुकानात वर्षभर काढलंस तर तीच कंपनी तुला वेगळ्या नजरेने बघेल. शिवाय तिचा विक्री प्रतिनिधी दुकानात येतच असतो. त्याच्याशी ओळख ठेव.

पगाराचं संकोच न करता विचार. ठरलेला किती, इन्सेन्टिव्ह किती, आणि तो विक्रीवर की पैसे जमा झाल्यावर. अॅक्सेसरी आणि सर्व्हिसिंगवर काही मिळतं का, हेही विचार. हेल्मेट, लाइट, कुलूप यांवर दुकानाला बरी कमाई असते. रविवार कामाचाच असेल, सुट्टी मधल्या वारी. ग्रुपबरोबरची तुझी रविवारची राइड दुकान उघडण्याच्या आत आटपावी लागेल. हे घरी आत्ताच सांगून ठेव.

मालक सावध असतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. २०२० नंतर सायकलींना एकदम मागणी आली, मग ती ओसरली आणि अनेकांचा माल पडून राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली. विचारणा पुन्हा वाढली, तरी नवं माणूस घेताना मालक दहादा विचार करतो. त्याला सांग, "महिनाभर येते, काम बघा, मग ठरवा." पण त्या महिन्याचे पैसे आधी ठरवून घे. फुकट राबू नकोस.

बायोडेटा एका पानाचा कर. सायकलवर जे हाताने करता येतं ते वर लिही, बी.कॉम. खाली. पेठांतली दोन जुनी दुकानं आणि बाणेर-औंधकडची दोन नवी शोरूम बघून ये. कुठे काय दिसलं ते मला सविस्तर लिही, मग कुणाला फोन करायचा ते ठरवू.

तुझा,
काका