रिंगणाचं शेत नकाशावर कसं दाखवशील?

अरे,

तुझ्या लँडस्केप डिझाइनच्या शीट्स नीट बघितल्या. ड्रॉइंग छान आहेत, कंटूर, स्लोप, झाडांची यादी सगळं जिथल्या तिथे, आणि पालखी मार्गावरचा विषय घेतलास याचा मला खरंच आनंद झाला. पण माळशिरस तालुक्यातल्या त्या साईटच्या लँडयूज नकाशात रस्त्याकडेचा मोठा तुकडा तू पांढरा ठेवलायस, त्यावर ‘व्हेकंट’ लिहिलंयस, आणि डिझाइनमध्ये नेमका तिथेच ग्रॅनाइटचा कल्चरल प्लाझा, मधोमध विठ्ठलाची मूर्ती आणि भोवती लॉन. मला त्या पांढऱ्या तुकड्याबद्दलच बोलायचंय.

तिथे रिंगण होतं असं तूच रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहिलंयस. रिंगण कधी कडेला उभं राहून बघितलंयस का? नसेल तर या आषाढीच्या आधी बघच. मधे पालखी, भोवती माणसांचं कडं, मग पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, विणेकरी, पखवाजवाले, आणि मग अश्व सुटतात. दोन असतात, एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नाही, तो माउलींचा. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून येतात, म्हणजे तुझ्या साईटची एक हद्द पार कर्नाटकात आहे असं समज. घोडा दौडत पुढे गेला की लोक वाकतात आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. तू तिथे ग्रॅनाइट टाकलंस तर घोडा घसरेल, आणि तो नाही घसरला तरी लोकांनी कपाळाला काय लावायचं? या जागेचं मटेरियल माती आहे. दगड वेचलेली, पायाला मऊ, आदल्या रात्री पाऊस झाला तरी सकाळपर्यंत निचरा होईल अशी. हे स्पेसिफिकेशन लिहायला जमलं ना तर अर्धं डिझाइन झालं. झाडं कडेला, मधे एकही नाही, टँकर आत कुठून येणार, म्हाताऱ्या माणसांना टेकायला कुठे, एवढं सोडवलंस तरी खूप आहे.

आता उरलेलं वर्ष. पालखी एका दिवसात निघून जाते, मग त्या जमिनीवर काय चालतं? सातबारा काढ, ती कुणाची वहिवाट आहे बघ, ज्याचं शेत आहे तो त्या वर्षी पेरणी कधी करतो ते त्यालाच विचार. फलटण, माण, माळशिरस, सांगोला हा सगळा धनगरांचा पट्टा आहे. सुगी झाली की शेतात मेंढरं बसवतात, लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरी त्याबद्दल धान्य नाहीतर पैसे देतो, कळप पुढच्या शेतात जातो. या धनगरांचा माळ सरकारी नकाशांमध्ये सर्रास पडीक म्हणून नोंदला जातो आणि मग कुठलाही प्रकल्प आणायचा म्हटलं की पहिलं बोट तिथेच जातं. तुकोबांच्या वाटेवर काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते असंच कुणाच्या तरी डोक्यातून आलेलं नाही, त्या मुलखाची रोजची पोटापाण्याची रीत तिथे पालखीला सामोरी येते. नकाशा काढणाऱ्याला हे दिसत नसेल तर त्याने काढलेल्या रेघेने उद्या कुणाची तरी चराई बंद होते, आणि हे मला फार लागतं.

रस्त्याबद्दल. माउली आणि तुकोबा, दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 ला झाली, दिवेघाट ते मोहोळ सुमारे 221 किलोमीटर आणि पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे 130. सोबत वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट. मी याच्या विरोधात नाही, ट्रकच्या बाजूने लाखो माणसं चालतात तेव्हा वेगळी वाट हवीच. पण दिंडी ही चालणाऱ्यांची नुसती संख्या नव्हे, तिला रांग असते, विणा कुठे, टाळकरी कुठे, बायका कुठे हे ठरलेलं असतं, माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या आणि बाकीच्या मागे. म्हणून पायवाटेची रुंदी, दुभाजकाची उंची, विसाव्याला पालखी टेकवायची जागा हे सगळं त्या रांगेवरून काढायचं असतं, ट्रॅफिकच्या कोष्टकावरून ते निघणार नाही. आणि सावली! जुन्या रस्त्याचे वड गेले तिथे नवीन रोपं लावली तरी त्यांची सावली पडायला एक पिढी जाते, तोवर जेवायला पंगत कुठे बसणार, हे तुझ्या फेजिंगमध्ये, म्हणजे कामाच्या टप्प्यांत, कुठेच नाहीये. पहाटे बायका आंघोळीला कुठे जातात तेही बघ, विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाखाली, कुणाच्या तरी अंगणात. ती विहीर तुझ्या शीटवर यायला पाहिजे.

एक गोष्ट मात्र सांभाळ. वारीवर काम करणारी आपली मुलं भारावून जातात आणि मग सगळं गोड गोड दिसायला लागतं. पंढरपूरला जाशील तेव्हा महाद्वारात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी बघ, देवळाच्या बाहेर. दलितांना आत प्रवेश मिळायला 1947 उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. कुणाला कुठवर येऊ दिलं हे जमिनीवरच लिहिलेलं असतं, तुझ्या गावातही कुठली वस्ती गावकुसाबाहेर होती, पाणी कुठल्या आडावरून भरत होती, पालखी कुठल्या आळीतून जाते आणि कुठल्या नाही, हे विचारल्याशिवाय ‘कल्चरल लँडस्केप’ हा शब्द शीटवर टाकू नकोस. युनेस्कोने ही कॅटेगरी 1992 मध्ये आणली, 2000 च्या युरोपियन लँडस्केप करारात लँडस्केपची लोकांना जसा दिसतो तसा प्रदेश अशी व्याख्या आहे, ते तू वाचलंयस आणि छान कोट केलंयस. फक्त लोक म्हणजे कोण, तिथे तू थांबलायस.

तर असं कर. तो पांढरा तुकडा बारा महिन्यांच्या बारा छोट्या नकाशांत काढ. ज्येष्ठात काय, आषाढात काय, दिवाळीनंतर कोण उतरतं, उन्हाळ्यात पोरं क्रिकेट कुठे खेळतात, जत्रेचा पाळणा कुठे उभा राहतो. माणसं रंगाने दाखव, जनावरांच्या वाटा तुटक रेघेने. माहिती घ्यायला एकदा तरी तुझ्या वर्गातल्या मैत्रिणींना बरोबर ने, कारण पाण्याचं आणि आडोशाचं बायका तुला एकट्याला सांगणार नाहीत. मेंढपाळांशी बोलायचं तर संध्याकाळी जा, दिवसभर ते चाऱ्यामागे असतात. रेकॉर्डर लगेच काढू नकोस, आधी जरा बस, चहा घे.

रेंडर, म्हणजे डिझाइनची ती रंगीत चित्रं, आत्ता नको पाठवूस. त्याऐवजी प्लाझा, मूर्ती आणि लॉन मिळून तू खर्च किती धरलायस ते कळव, तेवढ्या पैशांत किती वड जगवता येतील, किती न्हाणीघरं आणि पाण्याचे नळ बसतील ते पुढच्या आठवड्यात आपण दोघं मांडून बघू.