झोपलेल्या गर्भाला उठवतं कोण?

प्रश्न: मी झूलॉजी शिकतेय. उंदराची मादी पिल्लांना दूध पाजत असली की पोटातला पुढचा गर्भ वाढायचा थांबतो आणि इस्ट्रोजेन मिळालं की परत सुरू होतो, असं वर्गात सांगितलं. मग इस्ट्रोजेनच गर्भाला सांगतं का की चल, आता प्रोटीन बनवायला लाग?

उत्तर: बरोबर जागी शंका आली तुला. प्रयोग असा करतात, इस्ट्रोजेन वाढायच्या आधीच मादीची ओव्हरी काढून टाकतात आणि रोज प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन देतात, मग शंभरेक पेशींचा तो ब्लास्टोसिस्ट, म्हणजे रुजण्याआधीचा गर्भ, गर्भाशयात नुसता पडून राहतो, मरत नाही, रुजतही नाही. प्रोटीन बनणं मंदावतं, पण पूर्ण बंद होत नाही हे लक्षात ठेव. नंतर इस्ट्राडायोलचा, म्हणजे एका प्रकारच्या इस्ट्रोजेनचा, एक छोटा डोस दिला की काही तासांत तो जागा व्हायला लागतो.

आता गंमत बघ, हाच झोपलेला गर्भ बाहेर काढून ग्लुकोज आणि अमिनो ॲसिड असलेल्या मीडियममध्ये ठेवला तर तो इस्ट्रोजेनशिवायच जागा होतो! म्हणजे त्याला अडवून ठेवणारं गर्भाशयच असतं, आणि माझ्या मते इस्ट्रोजेनचं मुख्य काम तिथेच चालतं. १९९२ मध्ये दिसलं की ज्या माद्यांमध्ये लिफ नावाच्या प्रोटीनचा जीन नाही त्यांच्यात गर्भ रुजत नाहीत, पण तेच गर्भ नॉर्मल मादीत ठेवले की रुजतात. हे लिफ गर्भाशय इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून बनवतं. थेट परिणाम अजिबात नाही असं मात्र लिहू नकोस, इस्ट्रोजेनपासून तयार होणारं कॅटेकोल इस्ट्रोजेन ब्लास्टोसिस्टवर काम करतं.

गर्भाच्या आत प्रोटीन बनवण्याचा वेग एमटॉर नावाचं एक प्रोटीन सांभाळतं. २०१६ मध्ये एमटॉर दाबून उंदराचे ब्लास्टोसिस्ट डिशमध्ये कित्येक दिवस, काही तर महिनाभर थांबवून ठेवले आणि त्यातून नंतर जिवंत पिल्लंही झाली.

जुने पेपर वाचशील तेव्हा एक सांभाळ. रेडिओॲक्टिव्ह अमिनो ॲसिड टाकून किती प्रोटीनमध्ये गेलं ते मोजतात, पण झोपलेला गर्भ मुळात ते आतच कमी ओढत असेल तर आकडा कमीच येणार, आणि शिवाय डिशमध्ये घालवलेला तो वेळही त्याला जागं करत असतो.

आणि उंदराचा नियम सगळीकडे लावू नकोस हं. टॅमर वॉलबीत (छोट्या कांगारूसारखा प्राणी) पिल्लू दूध ओढतं तेव्हा प्रोलॅक्टिन हे हार्मोन कॉर्पस ल्युटियमला, म्हणजे ओव्हरीतल्या प्रोजेस्टेरॉन बनवणाऱ्या भागाला, दाबून ठेवतं, पिल्लू पिशवीतून काढलं की तो भाग सुटतो, प्रोजेस्टेरॉन वाढतं, थांबलेला गर्भ जागा होतो आणि साधारण २६-२७ दिवसांत पुढचं पिल्लू जन्मतं.