वाचकांचे प्रश्न : हॅकनीची बुडालेली शाळा नेमकी कशी उभी राहिली?

प्रश्न : लंडनच्या हॅकनी भागातली बदनाम शाळा पुढे देशातल्या उत्तम शाळांत गणली गेली, असं प्रशिक्षणात ऐकलं. तिथे काय केलं? आमच्या पाचवी ते दहावीच्या अनुदानित शाळेत त्यातलं काय जमेल?
– एक मुख्याध्यापिका, सांगोला तालुका

उत्तर : प्रशिक्षणात एक गोष्ट बहुधा सांगायची राहिली. जुनी शाळा सावरलीच नाही, ती बंद झाली. हॅकनी डाउन्स स्कूल १८७६ ची. नाटककार हॅरॉल्ड पिंटर आणि अभिनेते मायकेल केन तिथलेच विद्यार्थी. १९९० नंतर मुख्याध्यापक वरचेवर बदलले, पट दोनशेच्या आसपास उतरला. स्थानिक कौन्सिलने आधी शाळा बंद करायचं ठरवलं, मग माघार घेतली. शाळा राहणार की जाणार हेच कळत नसेल तर चांगले शिक्षक दुसरीकडे अर्ज करतात आणि जागरूक पालक दाखला काढून नेतात. अखेर सरकारने नेमलेल्या मंडळाच्या शिफारशीवरून १९९५ च्या डिसेंबरात शाळेला कुलूप लागलं.

त्याच जागेवर सप्टेंबर २००४ मध्ये मॉसबोर्न अकादमी सुरू झाली. इमारत नवी, मुख्याध्यापक मायकेल विल्शॉ. त्यांच्या शिस्तीची चर्चा खूप होते, पण आमच्या मते खरा निर्णय वेगळा होता : पहिल्या वर्षी फक्त अकरा-बारा वर्षांच्या मुलांची एकच इयत्ता घेतली आणि दरवर्षी एक इयत्ता वाढवली. वरच्या वर्गांच्या सवयी उचलायला वरचे वर्गच नव्हते. ही पहिली तुकडी २००९ मध्ये जीसीएसईला (आपल्या दहावीसारखी तिथली शालान्त परीक्षा) बसली, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक मुलांना इंग्रजी-गणितासह पाच विषयांत चांगली श्रेणी मिळाली. प्रवेशाआधी चाचणी घेऊन प्रत्येक क्षमतागटातली मुलं घेतली जात, हेही विसरू नये. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यामुळे प्रवेशासाठी चाचणी घेता येत नाही.

तुम्हाला घेता येईल ते पाचवीपासून. बहुतेक शाळा निकालाच्या धास्तीने सगळे जाणते शिक्षक आणि जादा तास दहावीला देतात, आणि न वाचता येणारी मुलं दरवर्षी वर सरकत राहतात. मराठी आणि गणिताचे तुमचे सर्वांत चांगले शिक्षक पाचवीला द्या. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाकडून तिसरीच्या पुस्तकातला उतारा एकट्याने, मोठ्याने वाचून घ्या. मुलामागे पाच मिनिटं धरली तर ४० मुलांना २०० मिनिटं लागतात. दोन शिक्षकांत वाटलं तर तीन दिवसांत आरामात होतं. अडखळणाऱ्यांना रोज एक तासिका फक्त वाचन, दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी. ही तासिका शाळा सुटल्यावर ठेवू नका, एसटीने येणारी मुलं नेमकी तीच बुडवतात.

मॉसबोर्नच्या इमारतीत लांब, बंद व्हरांडे टाळले आहेत, कारण दांडगाई तिथेच चालते. बांधकाम न करताही यातलं काही साधतं : घंटा होताच शिक्षक वर्गाच्या दारात हवेत, आणि मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाजवळ कोणाची तरी नेमणूक हवी. आरडाओरड्याची शिस्त मात्र उचलू नका. मॉसबोर्न चालवणाऱ्या संस्थेच्याच दुसऱ्या शाळेतल्या अशा शिस्तीबद्दल २०२४ च्या अखेरीस पालकांनी तक्रारी केल्या आणि स्वतंत्र चौकशी नेमावी लागली.

यंदाची पाचवी बोर्डाला बसेल ती सहाव्या वर्षाच्या शेवटी. संस्थाचालकांना हे आत्ताच लेखी कळवा, आणि तोवर या वर्गाचे शिक्षक बदलणार नाहीत असा ठराव करून घ्या.